न भरणारा खळगा

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ना नर्सनं, ना डॉक्टरनं, ना पोटच्या लेकानं. "आई, साखर वाढली की डोळ्यांपुढं कायबी दिसतंय," म्हणाला गाढव.

दोन हजार पाच साली कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात आम्हा जाड्या, साखरवाल्या बायांवर किडनीची नवी गोळी तपासत होते. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवायची, कॅन मोरीत ठेवायचा. लघवीतून प्रोटीन किती गळतं ते मोजायचं. गळती कमी झाली की गोळी लागू पडली.

शेजारच्या खाटेवर कागलकडची शांतव्वा. दिवेलागणीला कपाळाला विभूती लावायची आणि सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून मला दाखवायची.

"झुंबरव्वा, रिपोर्ट झकास म्हणत्यात. मग ह्यो खळगा का भरंना गं?"

ती मेली त्या दिवशीसुद्धा रिपोर्ट झकासच होता.

पुढं माझ्या नडगीतही खळगा राहू लागला. माझेही रिपोर्ट झकास! आणि रोज दिवेलागणीला लोडशेडिंगनं लाईट गेली की विभूतीचा वास यायचा. मोरीतून काहीतरी ओतल्याचा आवाज... बारीक धारेचा, सावकाश. लाईट आल्यावर माझा कॅन हलका लागायचा. आळ आला झाडूवाल्या तानाबाईवर. तिला कामावरून काढलं.

"ती न्हवं," मी ओरडून सांगितलं. "शांतव्वा येती हितं. कायतरी दावायचं हाय तिला."

सगळा वॉर्ड हसला. गोळीची तपासणी चालवणारा डॉक्टर राजशेखर सगळ्यात मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली आणि अंधारात एका हातानं माझं मनगट धरलं. गार, ओला, फुगलेला हात. मी त्याच्यावर अंगठा दाबून बघितला. खळगा पडला... आणि तसाच राहिला.

"शांतव्वा... तूच न्हवं?"

हातानं मला ओढत मोरीपर्यंत नेलं आणि सोडलं. आत कुणीतरी कॅन ओतत होतं. मी झडप घालून त्याचा उजवा हात पिरगाळला.

"सोडा! दोघी मिळून कशाला धरताय?"

"मी एकटीच हाय, मुडद्या!"

लाईट आली. डॉक्टर राजशेखर! हातात माझा कॅन. अर्धी लघवी गटारात गेली की गळतीही अर्धीच दिसणार, आणि त्याची गोळी पास. पळायला बघत होता. मी उंबऱ्यातच बसले. शंभर किलोची बाई ओलांडून जातोय कुठं?

चौकशी बसली. गोळी बंद झाली, दवाखान्याला कुलूप लागलं. तानाबाईला दुसरीकडं चांगलं काम मिळालं. मला खरं औषध सुरू झालं, नडगीची सूज उतरून खळगा भरला, आणि लेक सगळ्या गल्लीदेखत पाया पडला.

साक्षीला मला बोलावलं तेव्हा चौकशीच्या साहेबांनी राजशेखरचे हात बघितले. उजव्या मनगटावरचे ओरखडे माझ्या नखांचे, ते मी ठणकावून सांगितलं. पण डाव्या मनगटात बोटांचे खोल खळगे होते. इतके दिवस उलटले तरी भरले नव्हते.

"हे कुणी केलं?"

त्यानं बाही खाली ओढली. मग बंद खोलीत विभूतीचा वास आला... आणि त्यानं मान खाली घालून नाव घेतलं.

"शांतव्वा."