नंबर नसलेली तीन झाडं

बसा इथं, त्या सिमेंटच्या पाइपावर बसा. आंबिवली स्टेशनची रिक्षा आता अर्धा तास यायची नाय, आणि माझा टँकर भरायलाही तेवढाच वेळ लागतो. समोर तारेच्या कुंपणात ती झाडं दिसतात ना? प्रत्येकाच्या गळ्यात नंबराची पाटी आहे बघा... शेवटची तीन सोडून. त्या तिघांची गोष्ट सांगतो तुम्हाला. मी काय शिकलेला माणूस नाय, चौथीत शाळा सुटली, तेव्हा बोलताना इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. पण जिच्या काळजावरनं हे सगळं गेलं ना, तिनंच ते मला याच पाइपावर बसून सांगितलंय.

तर ठाण्याकडचं बाळकुम. आता नुसते टॉवर आहेत, पण मधनंमधनं जुन्या गावातली कौलारू घरं तेव्हा अजून तग धरून होती, त्यातलंच एक. तुळसाबाय दुपारची जेवायला बसलेली. ताटात भात, बोंबलाचं कालवण, पहिला घास हातात... आणि तिच्या सख्ख्या धाकट्या भावानं, गोविंदानं, एक कागद ताटाशेजारी असा काही आपटला की कालवण हिंदकळून फरशीवर सांडलं!

"ह्ये तूच केलंस ना, बाय?"

"काय केलं मी?"

"हरकत! झाराच्या नोटिशीवर कोनी हरकत घातली म्हनं. झार पन्नासच्या वरचं हाय, तोरू देऊ नका. या गावात तुझ्याशिवाय कोनाला परलंय त्या झाराचं?"

तुळसाबायनं घास तसाच ताटात ठेवला. हात धुवायलाही उठवेना तिला.

झाड म्हणजे घरामागचं जांभूळ. घर जुनं झालेलं, छप्पर गळायचं, भिंतीला ओल. कोलशेतची कंपनी बंद पडल्यापासून गोविंदा घरीच बसलेला. शेजारच्या चार घरांनी मिळून बिल्डरला जागा द्यायचं ठरवलं, अन् नकाशात नेमकं जिन्याच्या जागी ते जांभूळ आलं. आता तुम्ही म्हणाल, आपल्या परसातलं झाड, आपण तोडू. तसं नसतं ओ! महापालिकेत अर्ज घालावा लागतो, मग ते लोक बुंध्यावर नोटीस चिकटवतात, सात दिवसांत कुणाचीही हरकत येऊ शकते. परवानगी मिळाली तरी जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावायची, सात वर्षं जगवून दाखवायची. आणि वय पन्नासच्या वर निघालं तर झाड जुन्या मानाचं धरतात, मग फाइल वर जाते आणि कधी खाली येईल त्याचा नेम नाय. बिल्डर बोललेला, दिवाळीपर्यंत परवानगी आली तर ठीक, नायतर मी दुसरी जागा बघतो. म्हणजे एका झाडाच्या वयावर पाच घरांचं छप्पर टांगलेलं!

हरकत घातलेली मागच्या टॉवरमधल्या कुणा साहेबानं, त्याला खिडकीतनं हिरवं दिसायला पाहिजे होतं. पण हे कळलं फार उशिरा. तेव्हा सगळ्यांच्या नजरा तुळसाबायकडं. कारण नोटीस लागली त्या दिवशी ती झाडाला पाठ टेकून बसलेली, आणि बोललेली, "दुसरीकडनं नाय का होत जिना?" एवढंच. बस्स, तेवढंच तिला भोवलं.

"मी नाय रे घातली हरकत," ती बोलली.

"मंग कोनी? झाराचं वय कोनाला ठाव?"

बायनं मान खाली घातली. कारण वय तिलाच ठाऊक होतं... आणि खरं वय फक्त तिलाच!

ऐका आता. गोविंदा जन्मला तेव्हा तुळसा नऊ वर्षांची. त्यांच्यात रीत होती, बाळाची नाळ परसात पुरायची आणि त्यावर रोप लावायचं. बापानं खड्डा खणला, तुळसानं आपल्या हातानं जांभळाचं रोप धरलं, माती लोटली. श्रावण होता, चिखलात पाय रुतत होते. दोन वर्षांनी आई गेली. बाप दिवसभर मिठागरावर, आणि ही अकरा वर्षांची पोर त्या पोराला कडेवर घेऊन मिठागराच्या बांधावरनं हिंडायची. तिची शाळा तिथंच संपली. त्या पोराची शाळा तर सुरूच होईना, कारण ही दिवसभर बापाच्या मदतीला, मग त्याला शाळेत नेणार-आणणार कोण?

शेवटी एकदा ती त्याला हाताला धरून शाळेत घेऊन गेली. तेव्हा गोविंदा नऊ वर्षांचा. मास्तर बोलले, "एवढा मोठा पोरगा पहिलीत घेता येत नाय." पोरगं अंगानं किरकोळ, पोटभर मिळालेलं कधी? तुळसानं बघितलं त्याच्याकडं, आणि धडधडीत बोलून गेली, "मोठा कुठाय मास्तर? सहाचा हाय!" मास्तरांनी लिहिलं सहा. जन्मतारीख एक जून. त्या वेळचा निम्मा गाव एक जूनलाच जन्मलेला आहे दाखल्यावर! तेव्हापासून गोविंदा सगळ्या कागदांवर आणि स्वतःच्या मनातसुद्धा तीन वर्षांनी लहान. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाय, त्यालासुद्धा नाय. पोराला कमीपणा वाटेल म्हणून.

आणि आता त्यानं अर्जाला तोच दाखला जोडलेला. 'झाड माझ्या जन्माला लावलं, माझं वय अठ्ठेचाळीस, सबब झाडाचं वय अठ्ठेचाळीस.' खरं वय एक्कावन्न!

हरकत आली म्हटल्यावर महापालिकेचे साहेब टेप घेऊन आले. बुंध्याला टेप लावली, वर बघितलं, खाली बघितलं. "बुंधा तर जास्त वाटतो," बोलले. "घरात जुनं माणूस कोण?"

सगळी अंगणात उभी. गोविंदा, त्याची बायको करिश्मा, पोरगी समीक्षा, शेजारची चार घरं. तुळसाबाय पुढं झाली. गोविंदानं तिच्याकडं बघितलं... तशा नजरेनं कुणी वैऱ्याकडं पण बघू नये! त्याच सकाळी बोललेला तो, "बाय, नवरा गेल्यावर या घरानं तुला ठेवली. साहेबासमोर तोंड उघारशील तं तुझा माझा संबंध संपला."

"आजी, झाड किती वर्षांचं?" साहेबांनी विचारलं.

तिचा हात बुंध्यावर होता. या झाडाखाली तिनं गोविंदाला पाटीवर 'ग' काढताना बघितलेलं, आपल्याला धड वाचता येत नसतानाही शाबासकी दिलेली. याच सावलीत ती लग्नाची नवरी झाली, याच सावलीत कपाळ पुसून परत आली. खरं बोलावं तर झाड वाचतं आणि भाऊ उघड्यावर पडतो. खोटं बोलावं तर... तर भावाच्या नाळेवर घाव घालायला आपणच कुऱ्हाड दिली! अंतःकरणाचे दोन तुकडे झाले म्हणतात ना, ते तिथं झाले, सगळ्यांच्या देखत, आणि कुणाला दिसले नाय.

"अठ्ठेचालीस," ती बोलली.

एकाच माणसापायी, एकच खोटं, दुसऱ्यांदा!

साहेबांनी लिहून घेतलं. ते गेल्यावर गोविंदा काय बोलला असेल? "हरकत घालताना लाज नाय वाटली, साहेब समोर आला तं कशी घाबरली बघा!" करिश्मा हळूच बोलली, "अवो, बास करा," पण तो थांबला नाय. परवानगीचा कागद आला तेव्हा तुळसाबायनं समीक्षाकडनं तेवढा वाचून घेतला. अठ्ठेचाळीस झाडं, ठिकाण आंबिवली. झाड पडायच्या आदल्या दिवशी तिनं खालची चार जांभळाची रोपं, बिया पडून आपोआप उगवलेली, ओल्या फडक्यात बांधली. "नणंदेकडं जाते," बोलली आणि निघाली.

ती नणंद वारून सहा वर्षं झालेली! घरात कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

इथं आली. स्टेशनाजवळ चाळीत एक खोली घेतली, बाहेर सुकट-बोंबील विकायला बसायची. बिल्डरच्या माणसांनी झाडं लावली, पाट्या अडकवल्या, मोबाइलमधे फोटो काढले आणि जी गेली ती गेलीच. पहिल्याच उन्हाळ्यात झाडांनी माना टाकल्या. तेव्हा ही म्हातारी दोन हातांत तेलाचे दोन रिकामे डबे घेऊन माझ्या टँकरसमोर उभी राहिली.

"दादा, तळाचं पानी टाकतंस ना, ते मना दे."

मी वैतागलोच. "तुझी झाडं आहेत का ओ, आजी?"

"माझ्या भावाची हायेत."

"मग भाऊ कुठाय तुझा?"

"कामात हाय तो," ती बोलली. तीन वर्षं मी हेच ऐकलं... भाऊ कामात आहे! गुडघे सुजायचे, एकेक खेप घालताना मधेच कुंपणाला धरून उभी राहायची, पण चुकली नाय कधी. जी झाडं मेली त्यांच्या जागी नर्सरीतनं दुसरी आणून लावली. कुणाची गुरं शिरली तर शिव्या देत धावायची. मी बोललो, "बाय, दमलीस ना?" तर बोलायची, "दमले रे. पन त्याला नोटीस आली तं तो अजून दमंल."

आणि पाट्यांच्या पलीकडं तिनं ती जांभळाची रोपं लावली. चारातलं एक मेलं, तीन जगली. ती बोलली, तीनच जगायची होती.

मग मागच्या उन्हाळ्यात महापालिकेची तपासणी लागली. अर्ज गोविंदाच्या सहीचा, त्यामुळं पत्र त्यालाच. तो आला, बरोबर समीक्षा. चेहरा उतरलेला, कारण त्याला वाटलं सुकलेल्या काड्या मोजायला चाललोय आणि वरनं केस होणार. इथं बघतो तर ही हिरवीगार रांग! उभाच राहिला.

साहेब मोजत गेले. सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. "आणि ही तीन कुणाची? यांना पाट्या नाहीत."

गोविंदा त्या तीन झाडांकडं बघत राहिला. बाकी सगळा कडुनिंब, करंज, बहावा. ही तीनच जांभळं. त्यानं एक पान तोडलं, चुरगळून नाकाला लावलं. बाळकुमच्या परसाचा वास... समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, "पप्पा, ही आपल्या जांभळाची!"

तेवढ्यात रस्त्यावरनं दोन्ही हातांत डबे घेऊन, डावा पाय ओढत तुळसाबाय आली. भावाला बघितलं आणि डबे तिथंच खाली ठेवले. साहेब गाडीत बसून जाईपर्यंत ती लांबच उभी राहिली, तेवढं शहाणपण होतं तिला.

"बाय... ह्ये सगलं तू?"

"कोन करनार मंग?"

"आनि ही तीन कशाला? अठ्ठेचालीसच लावायची होती ना?"

ती खाली मातीवरच बसली. "झार एक्कावन्नचं होतं, गोविंदा. तू पन एक्कावन्नचा होतास. मास्तर नऊ वर्षांचा पोरगा घेईना, तवा मी सहाचा बोल्ले. साहेबानं इचारलं तवा पन मी तेच बोल्ले... तीन झारं कमी परली रे. देवाला काय दाखला दाखवनार? म्हनून लावली."

गोविंदा तिच्यासमोर मातीतच बसला.

"ती तीन वर्षं तू शालंत नव्हतास," ती बोलली, "माझ्या मागं मागं मिठागरावर होतास. पायाला मीठ लागून चिरा परायच्या, तं रडायचास. ती वर्षं कागदावर नायत. माझ्याजवल हायेत."

मग मात्र तो बाप्या कोसळला! तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. "बाय, मना मार ग... हरकत त्या टॉवरवाल्यानं घातलेली, मना दोन वर्षांमागंच कललं. तरी मी तुला शोधायला आलो नाय... कुठल्या तोंडानं येनार होतो?"

तिनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. केस राहिलेलेच नव्हते. "चोपन्नचा झालास," ती बोलली, "म्हनून टक्कल परलं. मी उगाच करिश्माला दोष देत होते." रडता रडता समीक्षा हसली, आणि मीही. मग गोविंदानं चपला काढल्या, डबे उचलले आणि शेवटच्या झाडापासनं पाणी घालायला सुरुवात केली.

आता ती बाळकुमला असते, त्या नव्या बिल्डिंगीत, अकराव्या मजल्यावर. जिना आहे ना, बरोबर जांभळाच्या जागी, तिथनं जाताना ती अजून कठड्यावर हात ठेवून क्षणभर थांबते म्हणतात. गुडघे पार गेले. दर शनिवारी गोविंदा येतो, तिला रिक्षातनं आणतो. ती रिक्षात बसून बोटानं दाखवते आणि तो पाणी घालतो. आज शनिवारच, पण काल समीक्षाची हळद झाली, आज लग्न आहे, तेव्हा आज कुणी यायचं नाय. अठ्ठेचाळीसांना मी टँकरचा पाइप लावतो, पण तो पाइप शेवटपर्यंत पुरत नाय, कोपऱ्यावरच संपतो. त्या तिघांना नंबर नाय, त्यामुळं त्यांचा कुणी वाली नाय.

ती बघा तुमची रिक्षा आली. थांबेल ती, मी हात करतो. तेवढ्यात तुमच्या हातातली ती बाटली, अर्धी भरलेली दिसतेय... तेवढी त्या तिसऱ्या जांभळाच्या मुळाशी ओता ना.