बाविसावं केंद्र

राउटरने तिसऱ्यांदा नकार देऊन दार लावून घेतलं आणि दूध केंद्रावरच्या नव्या माणसाने मला फोन केला. "मॅडम, मी खरं नाव सांगतोय, तरी ह्याचा इश्वासच बसंना!"

मी पारनेरच्या एका दूध संघात नेटवर्कचं काम बघते. बावीस गावांत बावीस केंद्रं, प्रत्येकात एक राउटर. लाईट जाऊन आली की केंद्रप्रमुखाने त्यात लॉगिन करायचं, मगच दुधाची पावती निघते. पडद्यावर 'युजरनेम' आलं की लोक बिचकायचे. म्हणून मीच शहाणपणा करून सगळीकडे प्रश्न बदलला होता – 'आपले नाव?'

स्कूटी काढली, राळेगणच्या पुढं गेले. राउटरमधली नोंद उघडली आणि मला हसूच फुटलं. पहिल्यांदा लिहिलेलं – कल्याण भिमाजी औटी. दुसऱ्यांदा त्यापुढे गाव. तिसऱ्यांदा तालुका, जिल्हा आणि पिनकोडसुद्धा!

"अहो, पत्ता कशाला? तो काय लग्नपत्रिका धाडणारे तुम्हाला?"

"तुमीच नाव इचारलं की," तो म्हणाला. "आमच्याकडं नाव म्हनलं की बापाच्या नावासकट सांगत्यात. नुसतं कल्याण फक्त आई म्हनती."

"मग मी काय म्हणू?"

"तुमी...?" बुवा कानापर्यंत लाल. "तुमी कल्याणच म्हना. चालंल."

राउटरला हवा होता केंद्राचा नंबर, म्हणून मी प्रश्नच बदलला – 'केंद्राचा नंबर टाका'. राउटर मुकाट्याने चालू झाला. मी मात्र घरी जाईपर्यंत उगाचच हसत होते.

मग दर गुरुवारी तिकडे काहीतरी निघायचं. कधी उंदराने वायर कुरतडली, कधी काहीच बिघडलं नाही तरी मी गेले. तो धारोष्ण दुधाचा चहा करायचा, माझ्या कपात साखर कमी. बोलायचा मोजकंच. पण मी खाली वाकून वायर जोडायला लागले की माझ्याकडे बघत बसायचा... आणि मी मान वर केली की लगेच दुधाच्या काट्याकडे!

अशातच आमचे पुंजाराम साहेब म्हणाले, "राजेश्वरी, महिनाअखेर सगळ्या राउटरांचं लॉगिन इथून ऑफिसातूनच झालं पाहिजे. मग तुला गावोगाव हिंडायला नको."

एकवीस केंद्रं मी आठ दिवसांत उरकली. राहिलं कुठलं, ते सांगायला नको. साफ सांगते, मला तो माणूस लई आवडायला लागला होता. काम संपलं की माझं जाणंही संपणार होतं, आणि तो मेला तोंडच उघडत नव्हता! मी तरी आधी का बोलू?

शेवटच्या दिवशी सकाळी सहालाच पोचले. बाहेर किटल्यांची रांग. मी सगळं जोडलं आणि म्हटलं, "आता नवा पासवर्ड टाका. चालला की पुढचं लॉगिन ऑफिसातूनच."

त्याने कीबोर्डवर बोटं ठेवली. टाकेचना.

"विसरलात?"

"न्हाई."

"मग?"

तो बोटांकडेच बघत होता. "टाकला की तुमी जानार."

मला एकदम भरूनच आलं. आणि रागही आला! "अहो, मग इतके गुरुवार काय गप्प बसलात? तोंडाला कुलूप होतं?"

"तुमी शिकलेल्या. आमच्या घरी पाच म्हशी हायेत..."

"पाच काय, पंधरा असू देत! मला तुम्ही हवे आहात, कल्याण." बोलून गेले आणि जीभ चावली.

बाहेर रांगेत पुढे उभ्या राहीबाईंनी किटली खाली ठेवली आणि दारातून डोकं आत घातलं. "आरं, व्हय म्हन की लवकर! दूध नासाया लागलं आमचं!"

रांगेत हशा पिकला. कल्याण हसला आणि पहिल्यांदाच नजर न चुकवता माझ्याकडे बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "लई दिसांपास्नं व्हय. रविवारी आई-आबांना घिऊन तुमच्याकडं येऊ?"

"या," मी म्हटलं. "पण आधी त्या बायांचं दूध घ्या."

त्याने पासवर्ड टाकला. पावती निघाली, रांग पुढे सरकली. माझं काम संपलं होतं, पण मी काही उठले नाही.