आवाज वर घ्या, मॅडम!

चाकणच्या त्या कंपनीत दीक्षाचा पहिलाच दिवस, आणि पहिल्याच दिवशी बाईसाहेबांची बोबडी वळली! सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालेली. शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांसमोर पाच मिनिटं बोलायचं, एवढंच काम. आकुर्डीला घरी आरशासमोर तिनं सगळं छान म्हणून पाहिलं होतं. इथं मात्र मान कागदात, खांदे पडलेले, आणि आवाज... तो पहिल्या रांगेच्या पुढं जाईना.

कशीबशी तिनं मान वर केली. शेवटच्या रांगेत पिवळ्या जाकिटातला एक सावळा तरुण बोट वर करून हवेत गोल गोल फिरवत होता. तिच्याकडेच बघून!

बोलणं उरकून ती तडक त्याच्यासमोर उभी राहिली.

"काय हो, बोटं कुणाला दाखवता?"

"तसं न्हाई मॅडम..." तो बिचारा आपल्या बुटांकडे बघायला लागला. "मी ज्ञानेश, निघोज्याचा. क्रेनवाल्याला खालून खुणा करायचं काम हाय माझं. वर घे म्हणायचं तर आमी असंच करतो. तुमचा आवाज खाली चाललेला, म्हणून..."

"म्हणून मला उचलत होता?"

"तुम्हाला न्हाई! आवाजाला!"

दीक्षाला चांगलं रागवायचं होतं, पण मेलं हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिची नजर आपोआप पिवळं जाकीट शोधू लागली. बोट वर फिरलं की ती आवाज चढवायची. आडवा तळहात दिसला की थांबायची... आणि गंमत म्हणजे ती थांबली की माणसं मान वर करून तिच्याकडे बघायची. एके सकाळी त्यानं दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि मग समोरच्या माणसांकडे वळवली. दीक्षानं कागद घडी करून खिशात टाकला. एकेकाच्या डोळ्यांत बघत, घरी वाट बघणाऱ्यांबद्दल ती बोलत गेली. कुणी चुळबूळ केली नाही. शेवटी तिची नजर मागच्या रांगेत गेली आणि तिथंच रेंगाळली.

"ती डोळ्यांची खूण क्रेनची नाही ना?" चहाच्या टपरीवर तिनं विचारलं.

"न्हाई. ती... माझी हाय."

बोटावर लोखंडाचे डोंगर हलवणारा माणूस, पण मनातलं सांगायचं म्हटलं की नजर बुटांवर. पुढं काही दिवसांनी त्याच टपरीवर तो पुटपुटला, "मला तुम्ही..."

दीक्षानं गालातल्या गालात हसत बोट वर केलं आणि गोल फिरवलं.

"मला तुम्ही आवडता!"

टपरीवरची अख्खी शिफ्ट मागं वळली. दीक्षा लाजेनं लाल झाली, पण बोट काही खाली घेईना.

"आता हेच पप्पांना सांगायचं," ती म्हणाली. "तेही इतक्याच मोठ्यानं. रविवारी मला बघायला पाहुणे येणारेत. त्याआधी आलास तर ठीक, नाहीतर..."

तो शनिवारी संध्याकाळी आला.

दीक्षाचे वडील भीमराज. अख्खी नोकरी प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात गेलेली, त्यामुळे कान पार गेलेले. त्यांच्याशी हळू बोलायची सोयच नव्हती.

"जय भीम, काका," ज्ञानेश पुटपुटला.

"आँ?"

वडिलांच्या खुर्चीमागं उभी राहून दीक्षानं बोट वर केलं. ज्ञानेशनं ते पाहिलं. खांदे सरळ केले, बुटांवरची नजर उचलली आणि थेट भीमराजांच्या डोळ्यांत बघितलं.

"जय भीम, काका! माझं दीक्षावर प्रेम हाय. मला तिच्याशी लग्न करायचंय!"

भीमराज खुर्चीत पुढं सरकले.

"तुझ्या गावात, तुझ्या भावकीसमोर बोललास का हे? एवढ्याच मोठ्यानं?"

"व्हय. कालच बोललो. चुलते उठून गेले. आई रडली... पण मग म्हणाली, घेऊन ये पोरीला."

"दीक्षा," भीमराज मागं न वळता म्हणाले, "बोट खाली घे. समोरच्या टीव्हीच्या काचेत दिसतंय मला."

दीक्षानं झटकन हात पाठीमागं नेला.

मग भीमराजांनीच हात लांब केला. तळहात आडवा. थांब! ज्ञानेशचा चेहरा पडला. पण त्याच हाताचं बोट हळूच खाली वळलं आणि सावकाश गोल फिरायला लागलं. टांगलेलं ओझं अलगद जागेवर उतरवताना करतात ती खूण! प्रेसशॉपातले जड साचे क्रेननंच हलवलेला माणूस, तो कसा विसरेल?

"बस पोरा," ते म्हणाले. "उद्याच्या पाहुण्यांना नका येऊ म्हणून कळवतो."

ज्ञानेश बसला. दीक्षा चहा टाकायला आत पळाली, कारण आता तिलाच आवाज फुटत नव्हता.