निनावी असेल तर

ज्याला ओळख नाही त्याला या जगात अस्तित्व नाही. ज्याची दखल घ्यायला कुणी नाही ते असूनही नसल्यासारखंच. हे थोर तत्त्व मला कुणा ज्ञानी पुरुषाच्या पायाशी बसून कळलेलं नाही. ते माझ्या पुतणीने सांगितलं, आणि त्या वेळी ती आमच्या टेबलाखाली पोटावर पडून, तोंडात टॉर्च धरून वायरी शोधत होती. तोंडात टॉर्च असल्यामुळे तत्त्व दोनदा सांगावं लागलं.

प्रकरण बायकोच्या आवाजाचं होतं.

बायको बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. उभं आयुष्य परक्या माणसांना उत्तरं देण्यात गेलं, त्यामुळे घरीही तिची वाक्यं आखूड आणि नेमकी. मी वर्तमानपत्रात थट्टेचं सदर लिहायचो, त्यामुळे माझी वाक्यं लांब आणि कुठेही न पोचणारी. संसार त्यामुळे बरा चालला होता. मग तिला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं मात्र जिथल्या तिथे शाबूत. कधीकधी तेच जास्त वाईट वाटायचं. आत उत्तर तयार आहे, आणि खिडकी बंद.

इस्पितळाने तिला एक पाटी दिली होती. मोठमोठ्या बटणांची. अर्ध्या बटणांवर अक्षरं, उरलेल्यांवर रोजचे तयार शब्द: पाणी, हो, नाही, बरं, दुखतंय. पाटीची वायर संगणकाला जोडायची, डाव्या हाताने बटणं दाबायची, की संगणकातली एक बाई ते बोलून दाखवायची. ही बाई काहीही बोलली तरी हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखी बोलते. तिच्या तोंडून बायको माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते असं: "अहो, दाढी करा." मी न्हाणीघरात गेलो आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने दाढीही केली.

पुढे तो संगणक वारला. नवा आणला, तर तो पाटीला ओळखच दाखवेना. पाटी बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. घर पुन्हा मुकं झालं. बायको बोटाने दाखवायची आणि मी इमानाने भलतंच आणून द्यायचो. तिला चष्मा हवा असायचा आणि मी छत्री घेऊन उभा. शेवटी तिने बोट दाखवणंच सोडलं. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि पुतणीला बोलावलं.

पुतणी संगणकाच्या आतल्या कामातली. तिने तपासून सांगितलं की दोष पाटीचा नाही, कर्नलचा आहे. कर्नल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मिशा आल्या. पण हा कर्नल म्हणजे संगणकाच्या गाभ्यातला कारभारी, आणि यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी बोलायला त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. कर्नल म्हटला की ड्रायव्हर आलाच, असं मी म्हणालो. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही सवय तिला काकूची.

पाटीच्या जातीचा ड्रायव्हर आता कुणी वापरत नाही म्हणून नव्या कर्नलमधून काढून टाकला होता. तो परत घालून अख्खा कर्नल नव्याने बांधायचा होता. त्यासाठी ती एका निळ्या पडद्यापुढे बसली. पडदा एकेका वस्तूबद्दल विचारायचा, हिला सांभाळायचं का? उत्तरं तीनच. कायम घरात राहील, बोलावल्यावर येईल, किंवा दारच उघडायचं नाही. आजवर नातेवाइकांची इतकी शास्त्रशुद्ध विभागणी मी पाहिली नव्हती. मला तो पडदा फार आवडला. इतका, की पुतणी फोन घ्यायला बाहेर गेली तेव्हा एक-दोन प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली. कीबोर्डला आधार हवा का, असं विचारलं होतं. कीबोर्ड चांगला टेबलावर सपाट पडलेला. त्याला आणखी आधार कशाला? नको म्हणालो.

नवा कर्नल बांधून झाला, संगणक सुरू झाला, आणि कुठलंही बटण दाबा, तो ढिम्म. पुतणीने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बायकोचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण ती हसत होती. पुतणीने सगळं पहिल्यापासून केलं. मला स्वयंपाकघरात बसवलं.

एक अडचण राहिली होती. वायर जोडली की कुठलीही वस्तू आपण होऊन सांगते, मी अमकी, मला तमक्याने बनवलं. पाटी जुनी, तिच्यातला नावगावाचा भाग पुसून गेला होता. विचारलं की ती काहीच सांगायची नाही. तेव्हा पुतणीने ड्रायव्हरमध्ये स्वतःच्या हाताने एक नियम लिहिला: आलेली वस्तू निनावी असेल, तर ती काकूची पाटी समज.

हे जरा सैल होत नाही का, असं मी दारातून विचारलं.

"काका, माउस नाव सांगतो, प्रिंटर नाव सांगतो," ती म्हणाली. "या घरात निनावी दुसरं आहे कोण?"

यात शंका घेण्यासारखं मला काही दिसलं नाही, आणि शंका घेणं हा माझा धंदा होता.

पाटी जोडली गेली की कळावं म्हणून तिने एक बारीकसा नाद लावून दिला. टुंग. पडद्याच्या कोपऱ्यात पाटीचं छोटं चित्र उमटायचं. बायकोने पाटी पुढे ओढली, थोडा वेळ नुसता हात ठेवला, आणि बाई म्हणाली, "चहा कर. आधी तिला." मग सावकाश अक्षरं जुळवून, "अहो-जाहो राहिलं. परत म्हणते. चहा करा." पुतणी रडली. मी चहा केला.

पहिला जादा टुंग एका दुपारी वाजला. बायको आत निजली होती. पाटी मी पुसून, वायर गुंडाळून फळीवर ठेवली होती. बाहेर शेंगा सोलत बसलो होतो. पडद्यावर पाहिलं तर कोपऱ्यात पाटीचं चित्र होतं. फळीवर पाहिलं, पाटी तिथेच. काही वेळाने चित्र गेलं. पुतणीला फोन केला. ती म्हणाली, वायर खुपसायच्या रिकाम्या पोर्टमध्ये धूळ असेल, कोरड्या हवेत असं होतं. मी रिकामा पोर्ट फुंकला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. माझं समाधान झालं. चिकटपट्टीने माझं नेहमीच होतं.

टुंग येत राहिला. कधी पाटी जोडलेली असताना यायचा आणि पडद्यावर दोन पाट्या दिसायच्या. हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टीव्ही चालू असताना तो कधी आला नाही. मी बोलत असताना आला नाही. बोलणं संपून खोली शांत झाली की यायचा. दोन माणसं बोलताना मध्ये शिरू नये म्हणून कुणी थोडं बाजूला थांबावं, तसा.

एकदा चहा घेताना मी बायकोला शेजारच्यांच्या भांडणाची हकिकत सांगत होतो. लांबवूनच सांगत होतो. संपली, तशी बाई म्हणाली, "बरं."

मी पुढची हकिकत सुरू केली आणि मध्येच थांबलो. बायकोच्या चालत्या हातात कप होता. कप ओठांना होता. कपाच्या काठावरून ती पाहत होती, आणि माझ्याकडे नाही, संगणकाकडे.

मी विचारलं, तू म्हणालीस का?

तिने कप ठेवला, बोटं पदराला पुसली आणि बटण दाबलं. "नाही."

नंतरच्या दुपारी असेच तयार शब्द आले. हो. पाणी. पुन्हा पाणी. त्याला अर्थ नसायचा. कुणीतरी एकेक बटण दाबून पाहतंय असं वाटायचं. इस्पितळात बायकोही अशीच शिकली होती, आधी तयार शब्द आणि मग अक्षरं. हे मनात आलं तेव्हा मी ते तिथेच सोडून दिलं आणि शेंगांकडे लक्ष दिलं.

मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, आम्ही दोघं गप्प बसलेलो असताना बाई हवामानाच्या आवाजात म्हणाली, "इथे थांबलं तर चालेल का?"

मी पोर्टकडे पाहिलं. चिकटपट्टी जागेवर होती.

बायकोने पाटी ओढली. "चालेल."

मी चिडलो. ओळख ना देख, कोण ते माहीत नाही, आणि चालेल काय म्हणतेस? ती बराच वेळ अक्षरं जुळवत होती.

"खिडकीवर नाव विचारत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराचं दार लावून पुतणीला फोन केला. ती आली. संगणकात काहीतरी वाचत बसली. मग टेबलाखाली गेली, बाहेर आली, पुन्हा गेली.

"काहीतरी जोडलेलं आहे," ती म्हणाली. "पाचव्या पोर्टला."

"मग?"

"काका, याला चारच पोर्ट आहेत."

तिने तो नियम काढून टाकायचं ठरवलं. त्यात पाटीही बंद पडणार होती. पाटीला नाव मिळवून देण्याची खटपट करते म्हणाली, पण जमेलच असं म्हणाली नाही. कर्नल पुन्हा बांधला गेला. बायको पाटीवर हात ठेवून बसली होती. तिने एक बटण दाबलं. ते खाली गेलं, वर आलं. पुन्हा दाबलं. प्लास्टिकचा आवाज तेवढा झाला.

टुंग.

पुतणी म्हणाली, घाबरू नका, आता त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर नाही. कुणीतरी आलंय एवढं कर्नलला कळतं; दार उघडायला कुणी नाही.

टुंग.

घाई नव्हती त्यात. मध्ये पुरेसा वेळ सोडलेला. आपण वाजवलेलं ऐकू गेलं नसेल, असं समजून घेणाऱ्या माणसाचं वाजवणं.

टुंग.

बायको माझ्याकडे पाहत होती. बोट मेलेल्या बटणावरच होतं. तिने ते उचललं आणि निळ्या पडद्याकडे दाखवलं. या वेळी तिला काय हवंय ते मला बरोबर कळलं.

मी पुतणीला म्हणालो, नियम परत घाल.

"काका, नीट विचार करा."

"केला." केला नव्हता. मी फक्त तो हात पाहिला होता.

तिने नियम परत घातला आणि संगणक सुरू व्हायच्या आत चपला घातल्या. टॉर्च इथेच विसरली. अजून न्यायला आलेली नाही.

त्यानंतर सगळं ठीक आहे. बायको बोलते. "अहो, गोळी." "अहो, झोपा आता." मी स्वयंपाकघरात असलो की बाहेर बाईचा आवाज बराच वेळ चालतो, एक वाक्य सावकाश आणि त्याला उत्तर आणखी सावकाश. मी बाहेर आलो की थांबतो. मला त्याचं फार वाटत नाही. मी सदर लिहायचो तेव्हाही लोक मला पाहून गप्पच व्हायचे.

काल दुपारी बायको आत निजली होती. पाटीची वायर काढून मी टेबलावर ठेवली होती. सोफ्यावर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होतो.

टुंग.

मी पानावरून नजर काढली नाही.

टुंग.

पडद्याच्या कोपऱ्यात दोन चित्रं होती. वायर टेबलावर मोकळी पडली होती.

बाई म्हणाली, "आज आम्ही दोघं आहोत. जरा सरकून बसता का?"