लाल बासनातलं चरित्र

"या अल्काताई, या!" म्हणत खेमराज गुरुजींनी कैलाशचेच दोन्ही हात धरले, तेव्हा कैलाशचा चेहरा पाहण्यासारखा झाला. थंडीपायी डोक्याला मफलर गुंडाळला होता हे खरं, पण एवढ्या झुपकेदार मिशा काय उगाच वाढवल्या होत्या? खऱ्या अल्काताई, म्हणजे गोंदियाच्या खासगी गुप्तहेर, आपल्या या मदतनीसामागे गालात हसत होत्या. मग त्यांचं हसू मावळलं.

केशोरी गावातल्या आपल्या ओसरीत बसून गुरुजींनी गाऱ्हाणं मांडलं.

"अकरा वर्षं हे चरित्र लिहिलं, ताई. मार्सेलो अस्कार्रागा! जन्मला मनिलात, स्पेनच्या वसाहतीत. सैन्यात गेला आणि पुढे थेट स्पेनचा पंतप्रधान झाला. कुठे जन्मलो यावरून कुठवर पोचायचं ते ठरत नाही, हे पोरांना सांगायचं होतं. परवा रविवारी विहाराच्या वाचनालयात मी पहिलं प्रकरण वाचणार होतो. वही एकच. या वयात पुन्हा लिहिणं होणार नाही."

"गेली कशी?"

"काल सकाळी मीच लाल बासनात बांधून कोनाड्यात ठेवली आणि आंघोळीला गेलो. तेवढ्यात कामाला येणाऱ्या शामकलानं खोली शेणानं सारवली. आलो तर जमीन ओली. उंबऱ्यातून पाहिलं, बासन जागेवर होतं! मग दुपारपर्यंत इथंच बसलो. जमीन वाळली, आत गेलो, बासन सोडलं, पानांवर हात फिरवला. गुळगुळीत! आत जुने दिवाळी अंक."

"आणि ओल्या जमिनीवर पाऊल?"

"एकही नाही."

"भुताटकीच म्हणायची," कैलाश पुटपुटला.

अल्काताईंनी बासन मागितलं. त्याला गाठ नव्हती; टोकांना पीळ देऊन ती आत खुपसली होती.

"हे तुम्ही बांधलंत?"

गुरुजींनी बोटांनी चाचपलं. "छे! मी दुहेरी गाठ मारतो. काल दुपारी सोडतानाही बोटांना गाठ लागली नाही, नुसता पीळ. ते मी पुन्हा बांधलंच नाही. शामकलानं आवरताना गुंडाळलं असेल."

काल ओसरीवर दोघे येऊन गेले होते. पहिला शेजारचा दुकानदार दुर्गाप्रसाद.

"मी कायले चोरू? दुकानातल्या कोऱ्या वह्या खपून नाई राहिल्या, लिहिलेली घेऊन काय करू? अन् तो स्पेनवाला आपला कोन लागते?" तो तणतणला. "काल दिवसभरात दुकानात आली एकटी शामकला. जुने कॅलेंडर मांगून नेले, भिंतीले लावाले."

दुसरे निवृत्त हवालदार भैय्यालाल. "भांडलो ना मी! शिपायाची गोष्ट शिपायानं लिहावं, मास्तरानं काऊन? पन चोरी? गुडघ्यानं मले धड उठवत नाई, बाई."

शेवटी शामकला आली. दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत, भातखाचरात राबणारी, सकाळी गुरुजींकडे भांडी घासणारी. धुतलेले हात पदराला पुसत ती म्हणाली, "मले काय मालूम, ताई?" बोटं काळी होती. "चुलीची काजळी हाय."

कैलाश तेवढ्यात तिच्या घरी पाणी पिऊन आला होता. "काय टापटीप घर! भिंतीवर साधा खिळा नाही," तो खुशीत सांगत सुटला. अल्काताईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कशाबद्दल, हे बिचाऱ्याला कळलं नाही.

दुपारी सगळ्यांना ओसरीवर बसवून अल्काताईंनी सुरुवात केली.

"गुरुजी, सारवल्यावर तुम्ही वही पाहिली नाहीत, लाल कापड पाहिलंत. वही त्याआधीच गेली होती. सारवणारी बाई कोनाड्याकडून मागे सरकत दाराशी येते, मग तिचं पाऊल उमटेल कुठून? बासनाला दिलेला पीळ धानाच्या भाऱ्याचा; भारा असाच गाठीविना, पिळानं बांधतात. भारे बांधणारा हात इथं एकच आहे. कॅलेंडरं भिंतीसाठी नेली, पण भिंतीवर खिळा नाही. आणि धुतल्यावरही राहते ती काजळी नव्हे, शाई."

"शामकला, तू?" गुरुजी हादरले. "काऊन, बाई?"

शामकलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"तिला विचारू नका, स्वतःला विचारा," अल्काताई हळूच म्हणाल्या. "मिशीवाल्या कैलाशला तुम्ही ताई म्हणालात. वहीच्या जागी अंक आहेत हे डोळ्यांना नाही, बोटांना कळलं. गुरुजी, स्वतःचं अक्षर शेवटचं कधी वाचलंत?"

गुरुजींनी मान खाली घातली. "दिवाळीपासून नाही. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही. लोकांना कसं सांगू? म्हटलं, रविवारी आठवेल तेवढं बोलेन."

शामकला धावत घरी गेली. परतली ती वही आणि कॅलेंडरांची गुंडाळी घेऊन. प्रत्येक पानाच्या कोऱ्या पाठीवर बोटभर उंचीच्या ठसठशीत अक्षरांत पहिलं प्रकरण उतरवलेलं होतं.

"महिनाभर पाहून राहिली होती मी. तुमी वही उलटी धरून बसत होते," ती हुंदके देत म्हणाली. "इचारलं असतं तं तुमी नाईच म्हटलं असतं. उद्या गुपचूप ठेवून देनार होती. तुमी बासन सोडान असं वाटलंच नाई. माफ करा, गुर्जी. रात्रीच्या वर्गात तुमीच हात धरून अक्षर शिकवलं मले. नाईतर जनमभर आंगठाच लावत बसली असती."

कैलाशनं मफलरनं नाक पुसलं. गुडघ्यांचं कारण सांगणारे हवालदार ताडकन उठले आणि त्यांनी पहिलं कॅलेंडर उजेडात धरलं.

गुरुजी पुढे झुकले. ओठ हलले.

"म... मनिलात... जन्मलेला एक मुलगा," त्यांनी वाचलं. मग पुन्हा, मोठ्यानं, वर्गात वाचावं तसं. "दिसते, शामकला! मला दिसते गं!"

त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. तिनं घाईघाईनं ते धरून खाली केले.

"तुझे उपकार कसे फेडू, पोरी?"

"रविवारी पानं मी धरून उभी राहीन, गुर्जी. तेवढं राहू द्या."

"नाही," गुरुजी म्हणाले. "पहिलं पान मी वाचीन. दुसरं तू वाचायचं. सगळ्या गावासमोर."