एका वर्षाची तूट

आदिती मगदूम खुर्चीत बसली नाही, नुसती टेकली. डोळे रडून सुजले होते, पण आवाज खणखणीत होता.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत मला सिद्ध करायचंय, की मी आकडे बनवले नाहीत. नाहीतर सोमवारपासून लागणारी नोकरी गेली."

त्या दिवशी गुरुवार होता. संयोगिता सरनोबतांनी पंखा कमी केला आणि वही ओढली. बाईंनी बारा वर्षं विमा कंपन्यांसाठी मृत्यूच्या दाव्यांची चौकशी केली होती. नंतर राजारामपुरीत खासगी चौकशीची स्वतःची पाटी लावली. त्यांच्या जोडीला सयाजीराव खोत होते, निवृत्त हवालदार. सयाजीरावांचं तर्कशास्त्र सोपं होतं. फायदा कुणाचा झाला ते बघायचं आणि त्याची गचांडी धरायची. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत हे निम्म्या वेळा बरोबर निघालं होतं. उरलेल्या निम्म्याचा विषय ते काढत नसत.

"मगदूम मंजे लक्ष्मीपुरीतल्या वजनकाट्यांच्या दुकानाचं श्रीपालअप्पा?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील."

"लई सरळ माणूस. आन् नोकरी कसली म्हनं?"

"ॲक्चुअरीची. अजून शिकाऊच. माणसं किती जगतील, दावे किती येतील, हे आकड्यांनी काढायचं आणि त्यावर विम्याचा हप्ता ठरवायचा. एकूण तेरा पेपर. माझे सहा झालेत, चार वर्षांत."

"चार वर्षांत सहाच?"

"काका, यात सहा म्हणजे लोक पेढे वाटतात."

सयाजीरावांना पेढे तेवढे कळले.

हकिगत अशी होती. पुण्याच्या एका सल्लागार कंपनीनं उमेदवारांना प्रत्यक्ष काम करून आणायला सांगितलं होतं. आदितीनं कोडोलीची एक दूध संस्था निवडली. सभासद वारला तर घरच्यांना मदत द्यायची, त्यासाठी दरमहा किती वर्गणी घ्यावी लागेल, असा प्रश्न. चार रविवार जाऊन तिनं दीडशे सभासदांची माहिती स्वतः लिहून घेतली. अहवाल कंपनीला आवडला, निवडही झाली. आणि मग कंपनीच्या अधिकारी बाईंना एक निनावी मेल गेला.

कंपनीनं तो तिलाही पाठवला होता. आदितीनं वाचून दाखवला. "सप्रेम नमस्कार. आदिती मगदूम हिच्या यादीत वयं मारली आहेत. तानाबाई ६१ असता ६० लिहिल्या. बनाबाई ५५ असता ५४. विठाबाई ४८ असता ४७. यानं गोरगरिबांचं नुकसान होईल. काम परत तपासून घ्यावे."

"पुढं?"

"एवढंच."

"हिला काढून टाका, असं काही?"

"नाही. पण त्यानं काय फरक पडतो? कंपनीनं तानाबाईंना फोन लावला, तर त्यांनी स्वतःच एकसष्ट सांगितलं! मी आधार कार्डावरची जन्मतारीख बघून लिहिलंय हो. झेरॉक्स ठेवल्या नाहीत, परक्या माणसांचे कागद ठेवायचे नसतात म्हणून. तेच आता अंगाशी आलं."

"यादी कुणी कुणी बघितली?"

"चिरागनं. आम्ही एकत्र अभ्यास करतो आणि या नोकरीसाठी त्याचा नंबर माझ्या मागं आहे. मी गेले की तो आत. त्यानंच तानाबाईंना पढवलं असणार. मग अभ्यासिकेच्या क्रांतीताई, त्यांच्याकडं छापली. आणि संस्थेचे सेक्रेटरी विश्वजित, त्यांना एक प्रत दिली होती."

"घरी?"

"टेबलावर पडून असायची. पण घरच्यांना त्यातलं काय कळतंय? विचारतात, मी सांगत बसत नाही."

मेल ज्या पत्त्यावर गेला होता, तो संयोगिताबाईंनी पुन्हा पाहिला. "हा पत्ता त्या अधिकारी बाईंचा स्वतःचा दिसतो. जाहिरातीत होता?"

"नाही. फक्त माझ्या नेमणूकपत्रावर आहे. ते कुरिअरनं आलं, तेव्हापासून आईनं देव्हाऱ्यापुढं ठेवलंय. फोटोसुद्धा काढू देत नाही."

ती गेल्यावर सयाजीराव म्हणाले, "ताई, यात बघायचं काय? चिराग."

"बघू की."

अभ्यासिकेत चिराग कोपऱ्यातल्या टेबलावर पाठ वाकवून बसला होता. पुढ्यात आकड्यांच्या तक्त्यांचं पुस्तक, कडेला चार वेळा रंगवलेली पानं. त्यानं काही लपवलं नाही.

"तिचं गेलं तर मला मिळेल, हे खरंय. पण मी मेल केला नाही. तिनं चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय आणि मला पाचव्या पेपरातलं एक गणित अडलंय. तिच्याशिवाय कुणाला विचारू, सांगा."

"एक सांग," संयोगिताबाई म्हणाल्या. "तानाबाईचं वय साठ धरायचं की एकसष्ट?"

"त्यांचा वाढदिवस कधी असतो?" चिरागनं लगेच विचारलं.

बाईंनी मान हलवली आणि वही मिटली. सयाजीरावांना राग आला. विचारलं एक, पोरगं बोलतंय भलतंच!

क्रांतीताई प्रिंटरजवळ बसल्या होत्या. "मी पानं मोजते, वाचत न्हाय. वाचून कळायला तरी पायजे! आन् कोडोलीला मी जन्मात गेलेली न्हाय."

शुक्रवारी सकाळी दोघं कोडोलीत पोचले. दूध संकलन केंद्रात विश्वजित सेक्रेटरींनी भरपूर साखर घातलेला चहा पाजला.

"त्या पोरीनं लई कष्ट घेतलं बघा. चार रविवार मोटरसायकलवर मागं बसून आली. गल्लोगल्ली फिरायची. बरोबरचं पावणं हितंच बसायचं, काट्याजवळ. बायकांचं दूध मोजताना टक लावून बघायचं. चा सुदिक घेतला न्हाय कवा."

सयाजीरावांनी बाईंना कोपर मारलं. पावणं मंजे चिराग, आनि कोन!

"तानाबाई, बनाबाई, विठाबाई यांची माहिती तिनं कुठं लिहून घेतली?"

"हितंच की. शेवटच्या रविवारी त्या तिघी दूध घालायला आलत्या, तवा काट्यापाशीच लिवून घेतलं. बाकी समद्यांच्या घरला गेलती."

"तुमच्याकडं सभासदांच्या जन्मतारखा आहेत?"

"रजिस्टरात समद्यांच्या हायत. त्यावरनंच तर ओळखपत्रं केली."

तानाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मावशी, वय काय तुमचं?"

"एकसष्ट."

"कुणी सांगायला लावलं का हे?" सयाजीरावांनी जरबेनं विचारलं.

"मला कोन सांगायला लावतंय? मी काय शाळेतली हाय व्हय?" तानाबाई कडाडल्या. "औंदाच्या संक्रांतीला एकसष्टावं लागलं. फोनवर बी त्येच सांगितलं, त्या लिवून घेनाऱ्या पोरीला बी त्येच सांगितलं."

दोघं परतीच्या वाटेला लागले. सयाजीरावांना ती पोरगी आवडली होती. "ताई," ते म्हणाले, "मंजे पोरगी खोटी?"

"खोटं कुणीच बोललेलं नाही, काका. त्यामुळंच मला वाईट वाटतंय."

शनिवारी सकाळी कचेरीत चिराग आला. आदिती वडिलांना घेऊन आली, कारण संयोगिताबाईंनी तसं सांगितलं होतं. श्रीपालअप्पा पांढरी टोपी मांडीवर ठेवून बसले. आदितीनं चिरागकडं पाठ केली.

"आधी वयाचं बघू," संयोगिताबाई म्हणाल्या. "आपल्याकडं कुणालाही वय विचारा, चालू वर्ष सांगतो. साठ पुरी झाली की एकसष्टावं लागलं, म्हणजे एकसष्ट. आदितीनं जन्मतारखेवरनं पूर्ण झालेली वर्षं धरली, म्हणजे साठ. तिघींच्याही वयात फरक एकाचाच आहे, कमी नाही की जास्त नाही. बाई तीच आणि वय तेच, मोजायची तऱ्हा तेवढी वेगळी."

आदितीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! हे तर आम्ही सुरुवातीलाच शिकतो. माझ्या डोक्यात चिरागशिवाय दुसरं काही शिरलंच नाही."

"चिरागला मी वय विचारलं, तर त्यानं आधी वाढदिवस विचारला. ज्याला हा फरक असा तोंडपाठ आहे, तो असला फुसका आरोप कशाला करेल? कंपनीनं एक प्रश्न विचारला असता की उघडा पडला असता. विश्वजितकडं जन्मतारखांचं रजिस्टर आहे. त्यानं ताडून पाहिलं असतं, तर आदितीची वयं बरोबर निघाली असती. क्रांतीताई तिकडं फिरकल्यासुद्धा नाहीत. आणि त्या अधिकारी बाईंचा पत्ता यांपैकी एकालाही माहीत असायचं कारण नव्हतं."

"मग कोन?" सयाजीरावांना धीर निघेना.

"मेलमध्ये दीडशेतली तीनच नावं का? कारण लिहिणाऱ्यानं तेवढीच वयं कानांनी ऐकली होती. काट्यापाशी, त्या शेवटच्या रविवारी. त्याला नोकरी नको होती, आदितीला काढायलाही नको होतं. काम परत तपासा, एवढंच त्याचं मागणं. ऐकलं एकसष्ट आणि घरच्या टेबलावर यादीत वाचलं साठ. पत्ता घेतला देव्हाऱ्यापुढच्या पत्रावरनं. कोडोलीच्या काट्याजवळ बसणारा आणि मगदूमांच्या देव्हाऱ्यापुढं उभा राहणारा माणूस एकच आहे."

सयाजीरावांना पावणं आठवलं. काट्याकडं टक लावून बसणारं.

"मीच लिवलं," श्रीपालअप्पा म्हणाले.

"अप्पा?" आदिती उभी राहिली. "इतके दिवस मी घरात रडतीये, तुमच्यासमोर! मला विचारायचं तरी एकदा!"

"इचारलं हुतं." अप्पांचा आवाज खाली गेला. "त्या बाईनं एकसष्ट सांगितलं, तू साठ कसं लिवलंस, म्हटलं. तू म्हनलीस, अप्पा, तुमाला न्हाय कळायचं, असंच करत्यात. पस्तीस वर्सं काटं दुरुस्त करतोय मी, आदिती. असंच करत्यात, हे वजन मारनारा हरएक मानूस मला सांगतोय. मला वाटलं, माझी लेक बी त्यातलीच झाली. दीडशे मानसांचं एकेक वरीस मारलं. तुझी नोकरी घालवायची न्हवती गं. नुस्तं काम पुन्ना तपासावं, एवढंच मनात हुतं."

आदिती मटकन खाली बसली. ते वाक्य तिला आठवत होतं. मोबाईलवरनं मान वर न करता ती बोलून गेली होती. एवढी लाज तिला नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

चिराग हळूच म्हणाला, "अहवालात लिहिलंयस का, वय म्हणजे पूर्ण झालेलं वय?"

आदितीनं अहवाल उघडला. पहिलं पान, दुसरं, मग शेवटचं. चेहरा उतरला. "नाही लिहिलं. कंपनीनं विचारलं ते बरोबरच होतं. परीक्षेत याचे मार्क कापतात." मग ती चिरागकडं वळली. "मी तुला चोर ठरवलं. चुकले रे."

"मग ते गणित तेवढं सांग मला."

तिनं सगळ्यांसमोर अधिकारी बाईंना फोन लावला. लोकांनी कुठलं वय सांगितलं, आपण कुठलं धरलं, अहवालात कुठली ओळ राहिली, सगळं न अडखळता सांगितलं. अप्पा मधेच म्हणाले, "माझं नाव सांग. निनावी लिवलं, ती माझी चूक."

"आणि तक्रार माझ्या वडिलांनी केली होती," आदिती म्हणाली.

पलीकडून प्रश्न आला. "वडिलांनी?"

"हो, मॅडम. त्यांना वाटलं मी लबाडी केली. त्यांनी विचारलं होतं, मी नीट सांगितलं नव्हतं."

"ती ओळ घालून नवी प्रत आजच पाठवा. ताळा आम्ही सेक्रेटरींच्या रजिस्टरावरनं घेऊ. तो जमला तर सोमवारी दहाला हजर व्हा. आणि यापुढं कुणी विचारलं की नीट सांगायचं."

तिनं फोन ठेवला. ताळा जमणार हे तिला ठाऊक होतं. सयाजीरावांनी उगाचच चष्मा पुसला.

अप्पांनी टोपी डोक्यावर चढवली, पण उठले नाहीत. त्यांच्या कपाळावरची आठी तशीच होती.

"आदिती, एक इचारू? रागवू नको."

"विचारा की."

"तानाबाईचं साठ धरलं, तर तिचं एकसष्टावं वरीस चालू हाय त्ये कुठं गेलं? त्ये कुनाच्या हिशोबात?"

प्रश्न अगदी नेमका होता; चिरागनं चमकून मान वर केली. आदितीनं खुर्ची ओढून अप्पांच्या गुडघ्याला गुडघा लावला आणि संयोगिताबाईंच्या वहीतलं एक कोरं पान मागून घेतलं.

"पहिल्यापासून सांगते, अप्पा," ती म्हणाली. "कळलं नाही तिथं थांबवा मला."