हरकतीचा अर्ज

लग्नाची नोटीस तीस दिवस कचेरीच्या फळ्यावर लावतात. कुणाची हरकत असेल तर त्याने तेवढ्यात कळवावं, असा नियम. माझ्या लग्नाला कोण हरकत घेणार? मी मेलो असतो तरी शेजाऱ्यांना वासावरूनच कळलं असतं. लेथ मशीन चालवणारा शेहेचाळीस वर्षांचा माणूस, अकरा वर्षं एकाच खोलीत, एक ताट, एक पेला. बोट कापलं म्हणून दवाखान्यात गेलो, टाके घालणारी नर्स माणसासारखी बोलली, तेवढ्यावर लग्न ठरलं. मी तिला अजून सिस्टरच म्हणायचो. तीस दिवसांत हाक मारायला दुसरं काहीतरी शोधा मिस्त्री, असं कचेरीतला कारकून म्हणाला होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी त्यानेच बोलावून घेतलं. हरकत आली होती. एका बाईने स्वतः येऊन लिहून दिलं होतं, की हा माणूस अकरा वर्षं माझ्यासोबत राहतो. खाली पत्ता माझ्याच खोलीचा.

मी हसलो. कारकून हसला नाही. जागेवर येऊन चौकशी करावी लागेल, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारकून, सिस्टर आणि मी, तिघं खोलीवर गेलो. कुलूप मीच उघडलं. आत कोंडलेली हवा, खुंटीवरच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास. म्हटलं, घ्या, खाटेखालीही बघा.

कारकुनाने दारात चपला काढल्या. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला, कागद काढला आणि हलक्या आवाजात प्रश्न विचारू लागला. विचारायचा, थांबायचा, लिहायचा. पुन्हा विचारायचा.

गरिबाच्या लग्नाची ही कसली थट्टा, म्हणून चिडून मी सिस्टरकडे पाहिलं. ती खुर्चीकडेच बघत होती. मध्येच तिने मान हलवली, कुणाचं तरी पटल्यासारखी.

"त्या म्हणतात, अकरा वर्षांत तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत," कारकून म्हणाला. "खरंय का?"

त्या खोलीत मी कुणाशीच बोललो नव्हतो.

"खरंय."

त्याने तेही लिहून घेतलं. माझी सही घेतली.

सिस्टर दाराशी थांबली.

"उद्या माझ्याशीही असंच वागाल," ती मला म्हणाली. मग खुर्चीकडे वळून, अगदी मायेने, "येते हं, ताई."

दोघं जिना उतरून गेली. पावलं ऐकू येईनाशी झाली.

मी खाटेवर बसलो. आयुष्यात एकदाच कुणीतरी हो म्हणालं होतं, आणि तेही गेलं.

"काय पाहिजे तुला?" मी खुर्चीकडे बघून ओरडलो.

खुर्चीची दबलेली गादी हळूहळू वर आली.

मग माझ्या शेजारी खाट दबली.